घरातल्या त्या बाई

ता. ९ जानेवारी

चि. चिंगीस ताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

आई शनिवारी घरी आली. तू बोटीला गेलीस तेव्हा ती नुसती झोपून होती, म्हणून आधी कशी दिसते ते सांगते. डोक्याची उजवी बाजू भादरलेली आहे. टाके कानामागून वर कपाळाकडे गेलेत. त्यावर तुझी निळी लोकरी टोपी घालून बसते आणि आरशासमोरून जाताना मान वळवते. ज्या स्टुलावर चढून पडद्याची दांडी बसवत होती, ते मी अडगळीत टाकलं. दांडी अजून एका बाजूने लोंबते आहे. जिच्यावर डोकं आपटलं ती खिडकीची कड मी रोज पुसते. का ते माहीत नाही, डाग कधीच गेला.

बाकी सगळं शाबूत आहे. चालते, जेवते, पेपर वाचते. टेलिफोन एक्स्चेंजमधली एकतीस वर्षं जशीच्या तशी डोक्यात आहेत. घरी सोडलं त्या दिवशी तिने इस्पितळाच्या फोनवर बसणाऱ्या मुलीला, समोरच्याला न दुखवता थांबवून कसं ठेवायचं, ते दहा मिनिटं शिकवलं. ती बिचारी उभी राहून ऐकत होती.

एकच गोष्ट. सोमवारी मी लॅबमधून आले, सूप गरम केलं आणि तिच्यासमोर ठेवलं. ती म्हणाली की आभारी आहे हो, आणि ताई कामावरून कधी येते तेवढं सांगाल का. मला वाटलं, चेष्टा करते आहे. मी म्हटलं, ही काय आलेय. तिने माझ्याकडे कपाळापासून हनुवटीपर्यंत नीट पाहिलं, दुकानात कापड पाहतो तसं. मग अगदी सभ्यपणे म्हणाली की तुम्ही हुबेहूब तिच्यासारख्या दिसता, पण तुम्ही ती नाही. तेव्हापासून मी अहो-जाहो आहे.

गुरुवारी मेंदूच्या डॉक्टरबाईंकडे जायचं आहे. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा नर्स येते, तिच्याशी आईचं चांगलं जमतं. लॅबमध्ये कवळ्यांचं काम साचलंय. माणसांना दात वेळेवर हवे असतात.

लोभ आहेच, तो बोटीवर भिजू देऊ नकोस.

तुझी,
ताई

ता. २१ जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. तू धोब्याची यादी लिहावी तसं सगळं लिहितेस, आणि मधेच एका ओळीत आई तुला ओळखत नाही म्हणतेस! असं कसं? लहानपणी मला हाक मारताना ती आधी तुझं नाव घ्यायची, मग मांजराचं आणि मग माझं. तू पहिली होतीस ग. मांजरसुद्धा तुझ्यानंतर.

मला यायचं आहे, पण बेटावरच्या या हवामान केंद्रावर आम्ही दोघंच. कामातला जोडीदार सुटीवर गेलाय, तो मेमध्ये येणार. दिवसातून दोनदा फुगा सोडते, वारा-पाऊस लिहिते, वायरलेसवर आकडे सांगते. फोन तर इथे नाहीच. बोट आठवड्याला एक, तीही तिच्या मर्जीची. म्हणून तूच एक कर. लॅबमधून घरी फोन लाव. आईचे कान काय आहेत ते तुला माहीत आहे. नुसत्या खोकल्यावरून माणूस ओळखायची ती. चेहरा राहू दे बाजूला, आवाजाने ओळखेल.

आणि तुझं स्वतःचं लिही. तू जेवतेस का, झोपतेस का. आईचं तीन परिच्छेद आणि तुझं अर्ध्या ओळीत, हा कुठला न्याय?

लोभ आहे तेवढा पुरे, पत्र मात्र वाढव.

तुझी,
चिंगी

ता. ६ फेब्रुवारी

चि. चिंगीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

डॉक्टरबाईंनी कागदावर मेंदू काढून दाखवला. चित्र चांगलं नव्हतं, पण समजलं. डोळ्यांनी पाहिलेलं डोक्याच्या मागच्या भागात जातं. तिथून पुढे दोन रस्ते फुटतात. एका रस्त्याने हा चेहरा कोणाचा ते कळतं. दुसरा जिथे जातो तिथे माया, भीती, असलं सगळं उठतं. आपलं माणूस दिसलं की दोन्ही रस्त्यांवरून एकदम निरोप जातो, म्हणून आपल्याला ते दोन आहेत हेही ठाऊक नसतं. आईचा दुसरा रस्ता उखडलाय. मी समोर आले की चेहरा ताईचा आहे हे तिला पक्कं कळतं, पण आत काहीच हलत नाही. अशी रिकामी ताई मेंदूला पटत नाही. मग तो त्यातल्या त्यात शहाणपणाचा अर्थ लावतो, की ही कोणी तोतया असणार. डॉक्टरबाई म्हणाल्या की त्यांना वेड लागलेलं नाही, त्या खोटंही बोलत नाहीत. नर्स परकीच, तिच्याकडे पाहून काही हलायला नको असतं, म्हणून ती चालते. हे बहुतेक वेळा सगळ्यात जवळच्या माणसाच्या वाट्याला येतं, असंही म्हणाल्या. सांत्वन म्हणून सांगत होत्या बहुधा. सुधारेल का, तर महिने लागतात, कधी सुधारतं, कधी नाही. गोळ्या दिल्यात.

कानांचा रस्ता वेगळा असतो. तुझं बरोबर होतं. मंगळवारी लॅबमधून फोन केला. मी हॅलो म्हणायच्या आत तिने ओळखलं. रडली. चौदा मिनिटं बोलली. कुठे आहेस, कधी येतेस, इथे तुझ्यासारख्या दिसणाऱ्या एक बाई येऊन राहिल्या आहेत, हे सगळं मला सांगितलं. संध्याकाळी मी घरी गेले, तर म्हणाली की आज आमच्या ताईचा फोन होता, तेव्हा तुम्ही आपलं सामान आवरायला घ्या.

पाठमोरी असली आणि मी स्वयंपाकघरातून काही विचारलं, की ती ताईला द्यावं तसं उत्तर देते. पोळलं का ग, असंही विचारते. मग वळते, आणि संपतं. दोन-चार दिवस मी तशीच तिच्या पाठीमागून बोलत राहिले. मग ती नर्सला म्हणाली की या बाईंनी आता तिचा आवाजही उचलला. पुढच्या फोनवर मला विचारलं, तू खरी ताई ना, का त्या बाई आहात. तेव्हा मी फोन बंद केला. आवाज तरी शिल्लक राहू दे. मालकांना सांगून ठेवलंय, घरून फोन आला तर मी जागेवर नाही.

शुक्रवारी तिने पोलिसांना बोलावलं. नीट, पत्ता वगैरे देऊन. मी चहा पीत होते. पोलिसाने माझं ओळखपत्र मागितलं, फोटो पाहिला, मला पाहिलं, आणि आईला म्हणाला की आजी, ही तुमचीच मुलगी. फोटो मुलीचाच आहे हे आईने ताबडतोब मान्य केलं. मुद्दा फोटोचा नाहीच, असं तिचं म्हणणं. त्याने टोपी काढून डोकं खाजवलं आणि तो गेला.

तू माझं विचारलंस. ठीक आहे. जेवते. काल मेण कोरायची गरम सुरी बोटाला लागली, ते मला वासावरून कळलं. बाकी काही नाही.

कळावे, आणि कळलं नाही तरी कळवावे.

तुझी,
ताई

ता. १८ फेब्रुवारी

चि. ताईस अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

तुझा पत्ता मला कोणी सांगेना, म्हणून मीच काढला. लॅबमध्ये फोन केला की मालक म्हणतात, आत्ता जागेवर नाही. हे वाक्य मी एकतीस वर्षं ऐकलंय, ते खोटं केव्हा असतं ते मला कळतं. तुझे फोन थांबले. म्हणजे तू जिथे फोन नाही अशा जागी आहेस. अशी जागा आपल्याला एकच ठाऊक, चिंगीचं बेट. धाकटीला एकटीला करमत नसेल म्हणून गेली असशील. सांगून गेली असतीस तर मी अडवलं नसतं.

माझी प्रकृती बरी. केस उगवताहेत, पांढरे आणि उभे. घरात त्या बाई आहेत. वाईट नाहीत. पाय वाजवत नाहीत, वेळेवर गोळ्या देतात. सुपात मीठ तुझ्यासारखंच कमी. तुझा करडा स्वेटर घालतात. चेहरा अगदी तुझा, नाकाजवळची सुरकुतीसुद्धा. मी बसून पाहते त्यांच्याकडे. चोर म्हणावं तर भीती वाटायला हवी, तीही वाटत नाही. रागही नाही. तुझ्या चेहऱ्याकडे पाहून काहीच वाटू नये, हे मला सोसत नाही, म्हणून मी पेपर तोंडासमोर धरते.

एक राहिलं होतं, ते लिहिते. बाबा गेले तेव्हा तू शिल्पकलेच्या शाळेतून आलीस. पंधरा दिवसांनी विचारलंस की परत जाऊ का. मी म्हटलं, तुझं तू बघ. खरं म्हणजे मला जा म्हणायचं होतं. पण मला घरात एकटं राहायची भीती वाटत होती, म्हणून तेवढंच म्हणून मी भांडी घासायला उठले. तू राहिलीस. नंतर मी सगळ्यांना सांगत आले की पोरीचं तिकडे मन रमलं नाही. तुझ्यासमोरसुद्धा सांगितलं, आणि तू मान हलवलीस. ते मी खोटं बोलले. इतकी वर्षं हे तोंडातून निघालं नाही. तू समोर असलीस की मला फक्त गॅस बंद केलास का, एवढंच सुचतं. लांब गेलीस ते एका परीने बरं झालं.

हे पाकीट टाकायला त्याच बाईंकडे देते आहे. माझ्या पायांना कोपऱ्यापर्यंत जाववत नाही आणि नर्स विसरते. चिकटपट्टी तीनदा लावली आहे. फाटलेली दिसली तर कळव.

जिथे असशील तिथे गरम कपडे घाल. यापेक्षा मोठा आशीर्वाद मला येत नाही.

तुझी,
आई

(सोबत चिठ्ठी, ता. २ मार्च)

ताई, हे माझ्या पत्त्यावर तुझ्या नावाने आलं. उघडलं नाही. आईचं अक्षर अजून छापल्यासारखं आहे. काय लिहिलंय?
चिंगी

ता. १२ मार्च

चि. चिंगीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

हे पत्र फेब्रुवारीत मीच पेटीत टाकलं होतं. आईने हातात दिलं, वर माझं नाव, खाली तुझा पत्ता. कोपऱ्यावर पाच मिनिटं उभी राहिले. उघडलं नाही. कोपऱ्यावरून घरापर्यंत यायला त्याला तीन आठवडे लागले.

काय लिहिलंय म्हणून विचारतेस. घरगुती आहे. लॅबच्या मोरीपाशी उभ्याने वाचलं. मग प्लास्टर कालवायला घेतलं, ते फार घट्ट झालं, टाकून दिलं, पुन्हा कालवलं.

सोबतचं पाकीट तुझ्या बेटावरून टपालात टाक. आई शिक्के पाहते.

तुझी,
ताई

(सोबतचे पत्र)

ती. आईस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. चिकटपट्टी शाबूत होती.

शाळेचं मी कधी मनाला लावून घेतलं नाही, असं लिहून खोडलं. तू खरं लिहिलंस तर मीही लिहावं. लावून घेतलं होतं. पहिली चार-पाच वर्षं रोज, नंतर कमी. कवळी करताना हिरडीचा उठाव मेणात काढावा लागतो, तो लॅबमध्ये माझ्याइतका कोणाला जमत नाही. तेव्हा ते अगदीच वाया गेलं असं नाही. तू जा म्हणाली असतीस तर मी गेले असते का, हे मला खरंच माहीत नाही. मलाही तुला एकटं सोडायची भीती वाटत होती. ते तुझ्याच माथी मारून मी मोकळी झाले.

गोळ्या घेत जा. सुपात मीठ कमी वाटलं तर त्या बाईंना स्पष्ट सांग, त्या वाईट वाटून घेणार नाहीत.

इकडे वारा फार. तुझ्या पत्राची वाट पाहते, हे नेहमीच्या शेवटासारखं वाटलं तरी नेहमीचं नाही.

तुझी,
ताई

ता. २६ एप्रिल

चि. चिंगीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझी रजा मंजूर झाली हे वाचलं. नऊ मेच्या बोटीला घ्यायला येते. पाहुण्यांची खोली स्वच्छ केली आहे, उशी नवीन आहे.

एक लिहून टाकते, म्हणजे तू समोर असताना तोंडावर दिसायला नको. आई तुला पाहून ओळखेल की नाही, हे डॉक्टरबाईंनाही सांगता येत नाही. आणि माझ्या मनात येतं की तिने तुलाही ओळखू नये. दिवसातून दोन-तीनदा येतं. तिने तुला मिठी मारली आणि मी दारात पिशव्या घेऊन उभी, असं डोळ्यांपुढे आणून पाहते, तेव्हा दुखायला हवं. दुखत नाही. हिरडीत इंजेक्शन दिल्यावर गाल जसा आपला राहत नाही, तसं आहे. तू असताना मी चमत्कारिक वागले तर हे कारण समज.

आईचं ठीक आहे. आता पोलीस वगैरे नाही. सकाळी नमस्कार म्हणते, मीही म्हणते. एका जिन्यावरच्या शेजारणींसारख्या राहतो.

बोटीत उलटी होऊ नये म्हणून काही तरी खाऊन नीघ. आशीर्वादाच्या जागी हेच धर.

तुझी,
ताई

ता. २० मे

चि. ताईस अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

एप्रिलमध्ये आलेलं तुझं पत्र उशीखाली आहे. आता इकडची बातमी ऐक, चिंगीलाही वाचून दाखव, तिला हसू येईल. त्या बाईंनी आणखी एक आणली. दहा दिवस राहून काल गेली. चिंगीच अगदी! तशीच दाणदाण चालते, हनुवटीवर तोच तीळ, आल्याबरोबर पिशवी कॉटवर फेकली. मी म्हटलं, तुम्ही दोघी बहिणी वाटतं. तर धाकटी मटकन खाली बसली. मला आधी गंमत वाटली. मग ती स्वयंपाकघरात जाऊन रडायला लागली. मोठी रडली नाही. ओटा पुसत राहिली. पुसलेलाच ओटा ती पुन्हापुन्हा पुसत होती, आणि मी दारातून पाहत होते.

मी नर्सशी बोलले. तिला म्हटलं, या दोघींचं आपसात प्रेम आहे, हे खोट्या माणसांना कसं जमेल. नर्स म्हणाली, आजी, तुम्हीच विचार करा. केला. काही निष्पन्न झालं नाही. पण आता पेपर तोंडासमोर धरत नाही, उगाच त्यांना वाईट वाटायचं.

धाकट्या बाईंनी पडद्याची दांडी बसवून दिली. सरळ बसली आहे.

तुम्हां दोघींना एकेक पापा, भांडू नका.

तुझी,
आई

ता. २० मे, बोटीवरून

ती. ताईस सा. न. वि. वि.

हात हलतोय, अक्षर सांभाळून घे. आईने मला ओळखलं नाही तेव्हा मी तुझ्याकडे पाहिलं. तुझा चेहरा कोराच होता. सुटल्यासारखा नाही, वाईट वाटल्यासारखाही नाही. मला आईपेक्षा त्याचीच भीती वाटली. एप्रिलमध्ये तू जे लिहिलंस त्याचा मला राग नाही, शपथ. पण तुझ्या हाताला पोळल्याचे पाच व्रण मी मोजले, आणि त्यातला एक कधी झाला हे तुला सांगता आलं नाही.

मी दहा दिवसांत मोडले, तू पाच महिने काढलेस. ताई, तू तिथून नीघ. लॅबच्या जवळ खोली घे, नर्सला पूर्ण वेळ ठेव. आईला नर्स चालते, तूच तेवढी चालत नाहीस. हे टाकून जाणं नव्हे. आणि कोणी तसं म्हटलंच, तर त्याला माझ्याकडे पाठव, फुग्याला बांधून वर सोडते.

रागावलीस तरी चालेल, पण हो म्हण.

तुझी,
चिंगी

ता. १ जून

चि. चिंगीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

हो. लॅबच्या मागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर खोली पाहिली. एक खिडकी, एक कपाट, नळाला पाणी चांगलं येतं. एक जुलैपासून. नर्स रात्रीही राहायला तयार आहे. डॉक्टरबाई म्हणाल्या की हरकत नाही, कदाचित दोघींनाही बरं. मी रविवारी आईला दुरून पाहून जात जाईन.

आईला सांगितलं की मी महिनाअखेर जाते आहे. ती बरं म्हणाली. मी रोज थोडी पुस्तकं खोक्यात भरते. कोणती माझी आणि कोणती घरची, एवढाच प्रश्न पडतो.

तुझं ऐकलं, आता तू माझं ऐक आणि छत्री हरवू नकोस.

तुझी,
ताई

ता. ५ जून

चि. ताईस अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

पत्र घाईने लिहिते. त्या बाई चालल्या. जानेवारीत मीच त्यांना सामान आवरा म्हटलं होतं, तेव्हा मला आनंद व्हायला हवा. त्या खोकी भरतात आणि मी इथे बसून आवाज ऐकते. एकेक पुस्तक हातात घेऊन बराच वेळ काही वाजत नाही, मग ठेवल्याचा आवाज येतो.

तुला विचारायचं आहे, आणि तू खरं सांग. मी त्यांना राहा म्हटलं तर तुला राग येईल का? तुझ्या जागी नाही. तुझी जागा तुझी. त्या तू नाहीत हे मला पक्कं ठाऊक आहे, रोज सकाळी पाहते ना. पण माझ्या डोक्याला टाके होते तेव्हापासून त्या आहेत. मी पोलीस बोलावले तरी दुसऱ्या दिवशी त्यांनी माझी नखं कापली. काल त्यांच्या हातावर पोळल्याचं पाहिलं. मी मलम लावलं. त्या हात पुढे करून नुसत्या पाहत राहिल्या, दुसऱ्याचा असावा तसा. त्यांना जायला कोणाकडे असेल असं वाटत नाही.

तू नको म्हणालीस तर मी काही बोलणार नाही. महिनाअखेरीच्या आत उत्तर पोचेल असं बघ. हे पाकीटही त्यांनाच टाकायला देते आहे. या खेपेला चिकटपट्टी लावली नाही.

वाट पाहते, नेहमीपेक्षा जास्त.

तुझी,
आई

ता. १६ जून

ती. आईस शि. सा. न. वि. वि.

सध्या बोट आठवड्याला दोनदा येते, म्हणून पत्र लवकर, आजच मिळालं. कोणी उघडलेलं नव्हतं.

मला राग येणार नाही. त्यांना राहू दे.

मला इकडून कधी निघता येईल ते सांगता येत नाही. कदाचित लवकर, कदाचित नाही. तोपर्यंत तुझ्याजवळ कोणी असलं तर मला इथे काम सुचेल. त्या माझ्यासारख्या दिसतात ते सोडून दे. मलम लावलंस ते बरं केलंस.

हे लिहायला सकाळपासून तीन कागद गेले. पत्र लहान आहे म्हणून लोभ लहान समजू नकोस.

तुझी,
ताई

ता. ३ जुलै

चि. ताईस अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र अठ्ठावीसला आलं, बेटाचाच शिक्का होता. त्या बाई खोकं दोरीने बांधत होत्या. मी त्यांना बसा म्हटलं. बसल्या नाहीत. मग मी उभ्यानेच सांगितलं की आमच्या मुलीचं पत्र आलंय, तिची हरकत नाही, तुम्ही राहा. त्यांची गाठ मारायची राहिली. दोरीचं टोक हातात तसंच. मला वाटलं, ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा सांगितलं. तर म्हणाल्या की ऐकलं. मग बसल्या, खोक्यावरच. बऱ्याच वेळाने खोली नको म्हणून कोणाला तरी फोन केला आणि पुस्तकं परत लावायला घेतली. निम्मी उलटी लावली आहेत.

एवढ्यावर थांबले असते, पण म्हटलं, इतके महिने एका घरात काढले, आपण यांना कधी काही विचारलंच नाही. अहो-जाहो करायचाही मला आता कंटाळा येतो, वयाने लहानच आहेत. म्हणून म्हटलं, अगं म्हटलेलं चालेल का. चालेल म्हणाली. मग विचारलं, तुला आई आहे का. पुस्तकाची धूळ पुसत होती, ती थांबली. आहे म्हणाली. लांब असते का विचारलं, तर म्हणाली की पत्र लिहिते मला. नीट लिहिते का, विचारलं. फार नीट, म्हणाली. तेव्हा तिचा चेहरा वाकडातिकडा झाला, आणि ती रडली. मला रडू आलं नाही. तिच्याकडे पाहून आजही मला काही होत नाही, तुला खोटं कशाला सांगू. पण मी उठून तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि तिचं होईपर्यंत ठेवला. हाताला मात्र ती ओळखीची लागली. का ते मला सांगता येत नाही, तू आलीस की विचार करू.

मग तिला म्हटलं, आज आईला पत्र टाक, आणि लिही की मुलगी इथे आहे, काळजी करू नये.

तुझी,
आई